गाण्याचं शिक्षण नाही, आणि दुसरीच्या वर्गाला संगीत शिकवायचं आहे

दुसरी_ब

नमस्कार. मी दुसरीची वर्गशिक्षिका. आमच्या संगीतशिक्षिका शाळा सोडून गेल्या आणि या सत्रापासून संगीताचे आठवड्यातले दोन तास वर्गशिक्षकांकडे आले. तास म्हणायचं, प्रत्यक्षात तीस मिनिटं. वर्गात ३६ मुलं आहेत. मी लहानपणी दोन वर्षं पेटी शिकले होते, त्यामुळे सारेगम येतं आणि सोपं गाणं कानाने शोधून वाजवता येतं. गळ्याला मात्र कधीच वळण लागलेलं नाही.

आतापर्यंत सहा तास झाले. मी पेटीशी बसते, एक ओळ म्हणते, मुलं मागून म्हणतात. तिसऱ्या ओळीपर्यंत मागच्या दोन रांगा हातातून गेलेल्या असतात. गाण्याची सुरुवात खालच्या सुरात असली की मुलं अक्षरशः गुरगुरतात, आणि चाल वर गेली की इतकी ओरडतात की शेजारच्या वर्गातून निरोप येतो. एक दिवस खंजिऱ्या आणि लाकडी दांडकी वाटली. तो अर्धा तास पूर्ण वाया गेला.

आता जे लिहिते आहे ते लिहिताना जड वाटतंय. वर्गात एक मुलगा आहे. गाणं कुठेही जावो, तो एकाच खालच्या सुरावर असतो, तोही मोठ्याने. तिसऱ्या तासाला मी त्याला म्हटलं, ‘तू नुसते ओठ हलव.’ त्याने मान डोलावली आणि तसंच केलं. तेव्हापासून तो संगीतात तोंड उघडत नाही, आणि गेल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की कविता म्हणतानाही तो ओठच हलवतो. हे मी केलंय. मला ते दुरुस्त करायचंय, पण कसं ते कळत नाही.

आणखी एक. एका मुलीला दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. नीट ऐकू यावं म्हणून मी तिला पहिल्या बाकावर, पेटीच्या अगदी जवळ बसवलं. पेटी सुरू झाली की ती एक यंत्र काढून मुठीत धरते.

ज्यांनी या वयाच्या मुलांना खरोखर शिकवलंय त्यांनी कृपया सांगा. तीस मिनिटांत काय करू? कुठून सुरू करू?

षड्ज

ताई, मी २६ वर्षं प्राथमिक वर्गांना संगीत शिकवलं. तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी त्या मुलाबद्दल लिहिणार होते, पण त्याच्यापर्यंत जायचा रस्ता एका दुसऱ्या गोष्टीतून जातो, म्हणून ती आधी.

तुम्ही कोणत्या पट्टीत गाता ते लिहिलं नाहीत. माझा अंदाज, काळी चार किंवा पांढरी पाच, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी किंवा पाचवी पांढरी पट्टी. बहुतेक बायकांचा सा तिथेच बसतो, तोही खालच्या सप्तकात, आणि लहानपणी पेटी शिकवताना तीच पट्टी हाताला लागलेली असते. सहा-सात वर्षांच्या मुलाचा गळा तिथे जातच नाही. या वयात गाण्याचा सोयीचा टापू मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत असतो. सरावाने वर आणखी काही पट्ट्या मिळतात. आता तुम्हीच मोजा. पांढरी पाचचा सा धरलात तर सा, रे, ग, म हे चारही सूर मुलांच्या टापूच्या खाली पडतात. त्यांना नीट गाता येणारा पहिला सूर म्हणजे तुमचा पंचम, प! ती गुरगुरतात कारण तिथे त्यांच्याकडे आवाजच नाही. आणि त्याच जड, बोलण्याच्या आवाजाने ती वर चढायला जातात तेव्हा ओरडण्याशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. तुमचा वर्ग बेसूर नाही. त्याला गाता येईल अशा जागी अजून कुणी गाणं आणून दिलेलं नाही.

म्हणून सा मधल्या पांढरी दोनवर घ्या. पेटीवर ‘मधलं’ कुठलं याचा घोळ होतो, कारण बऱ्याच पेट्यांत खर्ज आणि नर असे दोन सूर एकत्र वाजतात आणि मुलांना एकाच पट्टीतून दोन सप्तकं ऐकू येतात. फोनवर सूर मोजणारं कुठलंही ट्यूनर ॲप घ्या, ‘आ’ लावा, आकडा २९४ हर्ट्झच्या आसपास आला की तो तुमचा नवा सा. पंचम येईल ४४० ला. तुम्हाला हे उंच वाटेल. छातीतला आवाज तिथे पुरणार नाही, तो सोडून हलका, बारीक आवाज लावावा लागेल, आणि तो स्वतःलाच परका वाटेल. तरीही तोच लावा. मुलांच्या गळ्यातून आपल्याला नेमका तोच आवाज हवा आहे आणि मुलं तो ऐकूनच उचलतात. गळा तयार नसलेल्या बाईंचा स्वच्छ बारीक आवाज मुलांना भरदार, घोटीव आवाजापेक्षा जास्त सापडतो, हे मी माझ्या बरोबरीच्या शिक्षिकांच्या वर्गात पाहिलंय. (पुरुष शिक्षकांची अडचण वेगळी. ते एक सप्तक खालून गातात आणि लहान मूल तो सूर वरच्या सप्तकात आपला आपण बसवून घेऊ शकत नाही. त्यांनी चक्क बारीक आवाज काढावा, किंवा वर्गातल्या एखाद्या सुरेल मुलीला पुढे करावं.)

पट्टी बदलली तरी काही मुलं बोलण्याच्या आवाजातच राहतील, कारण गाण्याचा आवाज वेगळा असतो हेच त्यांना ठाऊक नसतं. एकच वाक्य चार आवाजांत म्हणायला लावा: बोलून, कुजबुजून, हाक मारून आणि गाऊन. कोणता आवाज कोणता ते मुलांना ओळखू द्या. मग दोरी घ्या. जमिनीवर एक मूल दोरीची नागमोडी आकृती करेल आणि बाकीच्यांनी तिच्यावरून बोट फिरवत ‘ऊ’ म्हणायचं. दोरी वर गेली की आवाज वर, खाली आली की खाली. घुबड, रुग्णवाहिकेचा भोंगा, हवेत फेकलेल्या न दिसणाऱ्या चेंडूमागे जाणारा आवाज, सगळं चालतं. यात कुणी चुकत नाही. आणि त्या घसरगुंडीत प्रत्येक मूल एकदा तरी त्या हलक्या आवाजावरून जातं. तो क्षण पकडा आणि म्हणा, ‘आत्ता जो आला ना, तोच गाण्याचा आवाज.’

आता तो मुलगा. त्याला एकट्याला बाजूला घ्या आणि सरळ सांगा की मी तुला चुकीचं सांगितलं होतं, मला तुझा आवाज हवा आहे. एवढंच. लांबण नको आणि वर्गासमोर नको. त्यानंतर त्याच्याकडून सूर जुळवून घेण्याऐवजी त्याचा सूर तुम्ही जुळवा. तो ज्या एका सुरावर असतो तो पेटीवर शोधा. तो खालचा आहे, म्हणजे तुमच्या गळ्याला सोपाच. तोच सूर त्याच्याबरोबर गुणगुणा. वर्गालाही एखाद्या दिवशी दोन मिनिटं तिथे आणा, ज्यांना जमेल ते गातील. एकाच सुरावर राहणाऱ्या बहुतेक मुलांनी आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिसळल्याचा अनुभव कधी घेतलेलाच नसतो. जुळणं म्हणजे कानात काय होतं हेच त्यांना माहीत नसतं, मग ते शोधणार काय? ते एकदा कळलं की तुम्ही एक पट्टी वर सरका आणि थांबा. तो आला तर आणखी एक. नाही आला तर परत त्याच्याकडे जा. याला दिवस लागतात, काहींना अख्खं वर्ष लागतं. कान आणि गळा यांची सांगड या वयात अजून घातली जात असते, आणि सातव्या वर्षी जो जुळवू शकत नाही तो नवव्या वर्षी स्वच्छ गाताना मी कितीदा तरी पाहिलाय. अट एकच, मधल्या काळात त्याने गाणं सोडलेलं नसावं. म्हणून तुमचं पत्र वाचून मला काळजी वाटली, आणि तुम्ही आत्ता विचारलंत म्हणून बरंही वाटलं.

रोजची हजेरी गाऊन घ्या. तुम्ही प आणि ग या दोनच सुरांवर नाव घ्या, मुलाने त्याच दोन सुरांवर ‘आले’ म्हणावं. दुरून हाक मारताना मुलांचा आवाज आपोआप असाच वरून खाली उतरतो. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या पद्धतीत लहान मुलांची सुरुवात याच दोन सुरांवरून करतात. त्यांच्या देशात १९५० साली केचकेमेत गावात रोज गाण्याचा तास असलेली प्राथमिक शाळा सुरू झाली, आणि त्या धर्तीवर पुढे पुष्कळ शाळा निघाल्या. हजेरीत कुणाला दुरुस्त करू नका. तुम्ही फक्त ऐका आणि संध्याकाळी वहीत टिपून ठेवा, कोण कुठे आहे ते. ३६ मुलांना प्रत्येकी तीन सेकंद, दोन मिनिटांत काम होतं, आणि प्रत्येक मूल एकटं गायलेलं असतं.

गाणं शिकवताना पेटी झाकून ठेवा. तुमचे हात पट्ट्यांवर, डोळे हातांवर, म्हणून मागच्या रांगा जातात. ओळीमागून ओळ हा प्रकारही काही दिवस सोडून द्या. आठ ओळींचं लहान गाणं घ्या आणि सगळंच्या सगळं, उभं राहून, मुलांकडे बघत गा. पण गायच्या आधी दर वेळी एक प्रश्न द्या. पहिल्यांदा: गाण्यात कोण कोण येतं? दुसऱ्यांदा: ‘पाऊस’ हा शब्द किती वेळा येतो, बोटांवर मोजा. तिसऱ्यांदा: चाल सगळ्यात उंच जाते तिथे हात वर करा. चौथ्यांदा: ओळीचा शेवटचा शब्द मी गिळणार, तो तुम्ही गायचा. सहाव्या वेळेपर्यंत मुलांना गाणं पाठ झालेलं असतं आणि आपण पाठ केलं हे त्यांना कळलेलंही नसतं. मग त्यांना गाऊ द्या, आणि तुम्ही गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे. आपण त्यांच्याबरोबर गात राहिलो की आपल्याला ती ऐकू येत नाहीत आणि त्यांनाही टेकू लागतो.

वाद्यांचं थोडक्यात. एका वेळी एकच प्रकार, फार तर सहा मुलांकडे. बाकीच्यांनी तेच मांडीवर वाजवायचं. जे हाताने मांडीवर जमलं नाही ते दांडक्यांवर जमणार नाही, म्हणून आधी मांडी. वाद्य हातात आलं की ‘झोपलेलं’ असतं, छातीशी. तुम्ही हाताने उठवलं की वाजतं, मिटलं की झोपतं. आणि ते पुढच्याला द्यायचं तेही आठ मोजून, तालात. खंजिऱ्या सगळ्यात शेवटी काढा. त्या नुसत्या उचलल्या तरी वाजतात.

तिरकिट

षड्ज ताईंनी सुराचं इतकं सविस्तर लिहिलंय की मी फक्त लयीपुरता बोलतो. मी तबलजी, पाच वर्षं एका शाळेत पहिली-दुसरीला जातो.

दुसरी_ब ताई, तुम्ही टाळ्या वाजवायला सांगितल्या की मुलं काय वाजवतात ते नीट बघा. बहुतेक मुलं शब्दांबरोबर टाळ्या देतात, एका अक्षराला एक. तो झाला गाण्याचा चालता बोल. त्याच्या खाली जो सारखा ठोका चालू असतो तो वेगळा. मोठ्यांना हा फरक आपोआप कळतो, मुलांना तो अंगात बसवून द्यावा लागतो. मी मुलांना सांगतो, गाणं बोलतं आणि पाय चालतात. अर्धा वर्ग जागच्या जागी पावलं टाकेल, अर्धा वर्ग टाळ्यांनी शब्द वाजवेल, मग अदलाबदल. हे पक्कं झालं की एकाच मुलाने पायात ठोका आणि हातात शब्द. दुसरीतली सगळी मुलं इथपर्यंत येत नाहीत, पण जी येतात त्यांच्या चेहऱ्यावर ते लगेच दिसतं.

स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या संगीतशाळेत एमिल जाक-दालक्रोझ हे शिक्षक होते (१८६५–१९५०). त्यांच्या लक्षात आलं की विद्यार्थी कागदावर सगळं बरोबर लिहितात पण लय अंगात नाही. त्यांनी त्यांना उठवून चालायला लावलं, आणि पुढे सगळी शिकवण्याची पद्धतच शरीराच्या हालचालीवर उभी केली. माझ्या वर्गाची निम्मी वेळ याच कल्पनेवर जाते. मी डग्ग्यावर चालीचा ठोका देतो, मुलं वर्गभर चालतात. मी थांबलो की मूर्तीसारखं थांबायचं. मी जलद केला की जलद. शिस्तीसाठी मला वेगळं काही करावं लागत नाही, कारण थांबणं हाच खेळ आहे.

दोन चुका मी केल्या त्या सांगतो. पहिली, मी मुलांना माझ्या लयीत ओढायचो. माझी सहज लय सावकाश, त्यांची जलद. सहा-सात वर्षांच्या मुलांबरोबर मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपास सुरू केलं की वर्ग एकत्र येतो. ७० ला सुरू केलं की प्रत्येक मूल पुढे पळतं आणि आपल्याला वाटतं त्यांना ताल नाही. सावकाश चालणं हे जास्त कठीण काम आहे, ते नंतर. त्यातही पहिल्यांदा एखाद्या मुलाची चाल धरावी आणि ठोका आपण तिच्यावर द्यावा. ताई त्या मुलाच्या सुराबद्दल जे म्हणाल्या तेच लयीला लागू आहे.

दुसरी चूक. शांत मात्रा शिकवताना मी तालातल्या टाळी-खालीची खूण वापरली, टाळी न देता हात उलटा करून. मुलांनी पक्कं धरलं की खाली म्हणजे गप्प बसायचं. खाली म्हणजे शांतता नव्हे, तिथे तबल्याचे बोल असतातच. नंतर ते पुसायला मला दोन महिने लागले. शांत मात्रेला आता मी वेगळी खूण ठेवली आहे. दोन्ही तळहात खांद्यांवर टेकवायचे. ठोका खांद्यांवर पडतो, आवाज होत नाही, पण मात्रा मोजली जाते.

अलंकार

मी थोडं वेगळं मत मांडतो. गेली १५ वर्षं घरी शिकवण्या घेतो. माझ्याकडे सात वर्षांची मुलं सारेगमपधनिसा सरळ आणि उलट म्हणतात, महिन्याभरात पहिले तीन अलंकार (सुरांचे ठरावीक क्रम) येतात, पेटीच्या साथीनेच. दोरी, घुबड, चालणं या सगळ्यात वर्ष निघून जाईल आणि हाती ठोस काही राहणार नाही अशी भीती वाटते. सुराला पेटीचा आधार नसेल तर पट्टी खाली सरकत जाते, हेही विसरू नये.

षड्ज

अलंकार जी, अलंकार हवेतच, माझा त्यांना विरोध नाही. पण तुमच्याकडे जे मूल येतं ते गायला आलेलं असतं, घरून कुणीतरी त्याला आणून सोडतं, आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसलेले असता. इथे ३६ जण आहेत, आणि त्यातला एक गप्प झालाय.

दुसरं, सगळे सूर लहान कानाला सारखे सोपे नसतात. ग-म आणि नि-सा ही जवळची अंतरं मुलांच्या गळ्यात नेमकी बसायला वेळ घेतात. मी आधी प-ग, मग ध, मग सा आणि रे घेते. बघा, हाताशी भूप राग येतो आणि त्यात ती दोन्ही अवघड अंतरं नाहीत. जर्मनीच्या कार्ल ऑर्फ यांच्या पद्धतीत मुलांना काढता-घालता येणाऱ्या पट्ट्यांची लाकडी वाद्यं देतात. त्यातल्या म आणि नि च्या पट्ट्या काढून ठेवल्या की उरलेल्यांवर मूल काहीही वाजवो, एकमेकांशी भांडत नाही. तीच युक्ती गळ्याला.

आणि हे सूर नुसते कानावर ठेवू नका, हातावर आणा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी प्रत्येक सुराला हाताची खूण ठरवली, ती कोदाय यांच्या पद्धतीने पुढे उचलली. सा म्हणजे कमरेपाशी मूठ. रे म्हणजे वर चढणारा तिरका पंजा. ग म्हणजे जमिनीशी समांतर आडवा हात. प म्हणजे तळवा स्वतःकडे. ध म्हणजे वरून खाली लोंबलेला पंजा. सूर चढला की हातही चढतो. मी तोंडाने एक अक्षर न काढता हातांनी ओळ दाखवायची आणि वर्ग ती गायचा. त्या वेळी वर्गात जी शांतता असायची ती मला अजून आठवते.

पट्टी सरकण्याचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं. पेटीवर सा देऊन सुरू करावं, मध्ये एकदा तपासावं. तेवढ्यासाठी पेटी हवीच.

लेकीची_आई

मी संगीतातली नाही. माझी मुलगी आता १४ वर्षांची आहे, तिला तिसऱ्या वर्षापासून दोन्ही कानांना यंत्रं आहेत. म्हणून श्रवणयंत्रवाल्या मुलीबद्दल लिहिते.

ती यंत्र काढते तेव्हा ती बेशिस्त वागत नाहीये, ती स्वतःला वाचवते आहे. यंत्रं मुख्यतः माणसाचं बोलणं ऐकू यावं म्हणून बसवलेली असतात. पेटीसारखा सतत आणि जवळचा आवाज, त्यावर ३५ मुलांचं ओरडणं, हे तिच्या कानात एकत्र कालवून जातं. जवळ बसवलं की चांगलं ऐकू येतं हा समज आमचाही होता. बोलण्यापुरता तो बरोबर आहे. तिला पेटीपासून दूर पण तुमचं तोंड समोर दिसेल असं बसवा, आणि एका वेळी एकच आवाज असू द्या. आधी तुम्ही एकट्या गा, मग मुलं. पालकांना विचारा की यंत्रात संगीतासाठी वेगळी सोय चालू करता येते का. पुष्कळ यंत्रांत ती असते, श्रवणतज्ज्ञ ती लावून देतात. आणि यंत्र काढावंसं वाटलं तर काढू द्या.

माझ्या मुलीला सुरुवातीला गाणं हातांतून मिळालं. शाळेतल्या बाईंनी एक फुगलेला फुगा दोन्ही तळव्यांत धरायला दिला आणि ढोलाजवळ उभं केलं. फुगा थरथरला. ती इतकी दचकली, आणि मग हसायला लागली. पेटीच्या लाकडावर तळवा टेकवला तरी सूर बदलल्याचं कळतं, लाकडी टेबलावर बोटं ठेवली तरी. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी यांना बाराव्या वर्षापर्यंत जवळपास ऐकू येईनासं झालं होतं. त्या जगभर तालवाद्यांचे एकल कार्यक्रम करतात आणि रंगमंचावर अनवाणी उभ्या राहून पायांतून कंपनं घेतात. माझ्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलासमोर त्यांचं छायाचित्र आहे.

एक विनंती. तिला सगळ्यांसमोर ‘तुला ऐकू येतंय का’ असं विचारू नका. एकटीला विचारा, ‘कुठे बसलीस तर बरं वाटेल?’ सात वर्षांची मुलं याचं उत्तर देऊ शकतात.

दुसरी_ब

तीन आठवडे झाले. उशिरा लिहितेय कारण आधी करून बघायचं होतं.

षड्ज ताई, मी पांढरी पाचवरच गात होते. ॲपवर सा लावला तर १९६! पहिल्या दिवशी घरी २९४ लावताना आवाज चिरकला. पण वर्गात त्या पट्टीत हजेरी घेतली तेव्हा तिसऱ्या-चौथ्या मुलापासून जे आवाज आले ते मी या वर्गात आधी ऐकलेच नव्हते. स्वच्छ, लहान. मी हजेरी थांबवून ऐकतच राहिले. ओरडणं संपलं असं नाही, पण आता मुलंच एकमेकांना सांगतात की हा हाक मारायचा आवाज झाला.

त्या मुलाशी बोलले, मधल्या सुट्टीत, त्याच्या बाकाशी वाकून. तुम्ही सांगितलं तेवढंच. तो काहीच बोलला नाही. पुढचे दोन तास त्याने तोंड उघडलं नाही, हजेरीलाही नुसता हात वर केला. तिसऱ्या तासाला तिरकिट दादांचा चालायचा खेळ घेतला, ठोका त्याच्या पावलांचा धरला आणि वर्गाला सांगितलं की आज सगळे याच्या पावलांनी चालणार. त्या दिवशी रांगेत उभा असताना तो गुणगुणत होता. मी मागे होते. सूर २२० च्या जवळपास होता, पेटीवर नंतर तपासला. दुसऱ्या दिवशी मी तोच सूर धरून वर्गाला डोळे मिटून ‘म्’ म्हणायला लावलं. काहींचा नुसता श्वास ऐकू येत होता. तो डोळे उघडून इकडे-तिकडे बघायला लागला, मग माझ्याकडे बघितलं, आणि थांबला नाही. आता हजेरीला ‘आले’ म्हणतो, तिथेच, खाली. एकदाच अर्धा सूर वर सरकला होता. गाणं अजून गात नाही. कविता म्हणतो.

मुलगी म्हणाली, ‘पेटी कानात चिकटते.’ ती आता खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसते. पेटीवर सा द्यायचा असला की येऊन लाकडावर हात ठेवते आणि हात उचलून वर्गाला ‘सुरू’ अशी खूण करते. हे काम तिने स्वतः मागून घेतलं. यंत्राच्या सोयीबद्दल तिच्या वडिलांशी बोलले आहे, ते पुढच्या महिन्यात तपासणीला नेणार आहेत.

वाद्यांचा तास परत एकदा बिघडला. सहांऐवजी मी बारा जोड्या दिल्या होत्या, चूक माझी.

एकच विचारायचंय. दुसऱ्या तासाच्या शेवटी माझा घसा दुखतो. एवढ्या उंच पट्टीची सवय नाही. काय करू?

षड्ज

दुखत असेल तर आवाज हलका नाहीये, जोर लागतोय. ‘ऊ’ वर वरून खाली घसरत या, सकाळी पाच मिनिटं, कुजबुजीपेक्षा जरासाच मोठा आवाज. वर्गात हजेरीतले प-ग आता मुलांकडून म्हणवा, रोज एक मूल हजेरी घेईल. गाणं एकदा बसलं की तुम्ही गायचं नाही, हाताच्या खुणाच करायच्या. तरीही आठवडाभरात दुखणं थांबलं नाही तर सा एक पट्टी खाली, काळी एकवर आणा. त्याच्याखाली नको. आणि डॉक्टरांना घसा दाखवून घ्या.

त्या मुलाचा जो अर्धा सूर वर गेला, तो कोणत्या शब्दावर गेला ते आठवतंय का?

दुसरी_ब

शब्दावर नाही. घुबडाच्या वेळी. ‘ऊ’ म्हणताना.

षड्ज

मग उद्यापासून हजेरीला सगळ्यांनीच ‘आले’ ऐवजी ‘ऊ’ म्हणायचं.